शाश्वत प्रकल्प-व्यवस्थापन : सोलापूरच्या संदर्भात

प्रकल्प आखताना, राबवताना आणि तो पूर्ण झाल्यावर चालवताना पैसा, माणसे आणि निसर्ग या तिन्हींचा हिशेब एकत्र ठेवण्याची पद्धत. काम मुदतीत झाले का, मंजूर रकमेत बसले का आणि ठरल्याप्रमाणे उतरले का, हे नेहमीच्या व्यवस्थापनाचे तीन प्रश्न. या पद्धतीत त्यांना आणखी एक प्रश्न जोडला जातो : उद्‌घाटनाचा फलक लागून वीस वर्षे झाल्यावर हे कोण चालवणार, कोणत्या पैशावर, आणि तोवर त्याने कोणाच्या वाट्याचे काय घेतलेले असेल? संस्थेच्या बाबतीतही हेच. वर्षाचा नफा-तोटा मांडताना वापरलेले पाणी, जाळलेले इंधन आणि कामगारांचे आरोग्य त्याच ताळेबंदात धरावे, अशी अपेक्षा असते.

या विचाराला जागतिक रूप आले ते संयुक्त राष्ट्रांनी पर्यावरण आणि विकासासाठी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालाने. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवणे, ही व्याख्या तिथली. जॉन एल्किंग्टन यांनी १९९४ मध्ये नफ्याबरोबर माणसे आणि निसर्ग यांचाही हिशेब ठेवणाऱ्या तिहेरी ताळेबंदाची कल्पना मांडली, १९९६ मध्ये आयएसओ १४००१ हे पर्यावरण-व्यवस्थापनाचे मानक आले आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली. भारतात पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना १९९४ ची. तिची जागा २००६ च्या अधिसूचनेने घेतली. कंपनी कायदा, २०१३ ने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. कायदे आणि मानके हवीतच, पण अहवाल सादर झाला की काम झाले, ही समजूतही त्यांच्याबरोबर पसरली. खरी कसोटी लागते ती पाणी कमी असलेल्या ठिकाणी, आणि म्हणून सोलापूरचा अभ्यास महत्त्वाचा.

जिल्ह्याचे सगळे गणित भीमा नदीवरील उजनी धरणाभोवती फिरते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, पण त्यातला जेमतेम ५४ टीएमसी उपयुक्त आहे. उरलेला ६३ टीएमसीहून अधिक साठा मृत, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी सोडता न येणारा, धरला जातो. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी शून्याखाली मोजतात. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य सोलापुरात उन्हाळ्यात घरोघरी ऐकू येते. मृत साठ्यातूनही पिण्यासाठी पाणी उचलले जाते. धरण आखताना जी अडीअडचणीची शिल्लक मानली होती, ती अशी नेहमीच्या वापरात आली आहे. शिवाय मुळा-मुठा आणि इंद्रायणीचे पाणी पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन याच जलाशयात उतरते. धरणाची हद्द कागदावर भिंतीपाशी संपत असेल, पण धरण चालवायचे तर हिशेब सगळ्या खोऱ्याचा ठेवावा लागतो.

सोलापूर शहराच्या पाणीपुरवठ्यात या पद्धतीचा सर्वांत बोलका धडा आहे. शहराला उजनीतून जलवाहिनीने पाणी मिळते, तसेच धरणातून नदीत सोडलेले पाणी औज-चिंचपूर बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलले जाते. नदीतून आणायचे तर वाटेत बाष्पीभवन होते, पात्रात पाणी जिरते आणि काठावरचे कृषिपंप चालू असतात. त्यामुळे शहराला लागते त्याच्या कितीतरी पट पाणी सोडावे लागते. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत सोलापूर आले. त्यानंतर दररोज १७ कोटी लिटर क्षमतेच्या समांतर जलवाहिनीचे काम हाती घेण्यात आले. नदीत वाया जाणारे पाणी वाचवणे, हे या कामाचे खरे मोल. मात्र चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात नुसती मोठी जलवाहिनी पुरत नाही. उंचावरच्या टाक्या, गल्लीबोळांतल्या जुन्या वाहिन्यांची गळती, पंपांचे वीजबिल आणि पाणीपट्टीची वसुली हे सारे त्याच प्रकल्पाचे भाग मानले, तरच धरणातले वाचलेले पाणी घरातल्या हंड्यापर्यंत पोहोचते.

कमी पावसाची मर्यादा आधी मान्य करून मग योजना आखण्याची परंपरा सोलापुरात जुनी आहे. १९३३ मध्ये येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. बांधबंदिस्ती, जमिनीतली ओल टिकवणारी मशागत आणि पेरणीतले वाढीव अंतर यांवर तेथे काम झाले. मंगळवेढ्याची ज्वारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. उसाचे अर्थकारण याच्या उलट चालते. कारखान्याची गाळप क्षमता एकदा उभी राहिली की दर हंगामात तेवढा ऊस लागतो, उसाला पाणी लागते आणि पाऊस कमी झाला तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. एकदा घेतलेला भांडवली निर्णय संस्थेला पुढची कित्येक वर्षे बांधून ठेवतो.

शेततळ्यांच्या बाबतीत मोजमापाची चूक दिसते. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आली. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवणे हा शेततळ्यामागचा मूळ हेतू. पण डाळिंबाच्या पट्ट्यात तळ्याला प्लॅस्टिकचा कागद टाकून बोअरचे पाणी त्यात भरून ठेवण्याची रीत पडली. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी त्यामुळे उघड्यावर येऊन उन्हात उडते. किती तळी खोदली एवढेच मोजले तर अशी योजना यशस्वी ठरते. गावाच्या भूजलाची पातळी मोजली तर निकाल बदलू शकतो.

चादर आणि टॉवेलच्या उद्योगात दबाव ग्राहकाकडून येतो. सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन (विशिष्ट ठिकाणच्या मालालाच ते नाव वापरता येण्याचे संरक्षण) आहे आणि टॉवेल परदेशी जातो. घातक अॅझो रंगांवर (कापडासाठीच्या कृत्रिम रंगांचा एक गट) निर्बंध आल्यावर रंग बदलावे लागले. प्रमाणपत्र निर्यातदाराच्या नावाने मिळते, विणकाम मात्र अनेकदा मजुरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रमागांवर होते. तिथला कापसाचा तंतू, मागाचा खडखडाट आणि रंगणीचे सांडपाणी तपासणीत धरले नाही, तर संस्थेची शाश्वतता कार्यालयापुरतीच राहते.

सामाजिक बाजूचे मोठे उदाहरण कुंभारी परिसरात आहे. विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प उभा राहू लागला. त्यातली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये सुपूर्त झाली. लाभार्थींच्या सहकारी संस्था हा या कामाचा कणा आहे आणि पुढची देखभालही संघटित रहिवासीच नीट करू शकतात. विडी वळणारी बाई पान भिजवते, कातरते आणि घरीच विड्या वळते, पण तयार माल कारखान्याच्या शाखेत नेऊन द्यावा लागतो आणि तिथे छाट काढली जाते, म्हणजे सदोष विड्या बाजूला काढल्या जातात. घर शहराबाहेर गेले की ही ये-जा तिच्या मजुरीतून वजा होते. म्हणून अशा वसाहतीच्या आराखड्यात शाळा, दवाखाना आणि पाण्याच्या टाकीबरोबर बसच्या फेऱ्या आणि माल जमा करण्याची जागाही पहिल्या दिवसापासून धरावी लागते.