उष्णतेने बिघडणाऱ्या कॅपॅसिटरचे सोल्डरिंग

अ‍ॅम्प्लिफायर, रेडिओ, रेकॉर्डप्लेअरचा फोनो प्रीअ‍ॅम्प अशा ध्वनियंत्रांतले काही कॅपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) सोल्डर करतानाच्या, म्हणजे वितळत्या मिश्रधातूने जोडतानाच्या, उष्णतेने खराब होतात. ते न बिघडवता जोडण्याची ही पद्धत. पुण्यात असे सुटे भाग शोधायला लोक बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जातात. दुकानात ‘कंडेन्सर’ म्हटले तरी चालते.

सर्वांत नाजूक पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचा कॅपॅसिटर, म्हणजे स्टायरोफ्लेक्स. त्याचे प्लास्टिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, आणि ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे) वितळते १८३ अंशांना. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांपर्यंत तग धरते, पॉलिएस्टर त्याहून बरेच जास्त. एवढा नाजूक असूनही स्टायरोफ्लेक्स वापरतात, कारण त्यात ऊर्जेचा ऱ्हास फार कमी होतो आणि त्याची किंमत (पैशांतली नव्हे; धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता) वर्षानुवर्षे स्थिर राहते. फोनो विभागात, म्हणजे रेकॉर्डच्या सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणाऱ्या भागात, ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद हे कालांक (खर्ज आणि तार स्वर किती उचलायचे-दाबायचे हे ठरवणारी वेळमापे) नेमके साधावे लागतात. डाव्या-उजव्या चॅनेलचे कॅपॅसिटर जुळले नाहीत, तर गायकाचा आवाज मधोमध ठरत नाही.

उष्णता कॅपॅसिटरच्या पायाच्या, म्हणजे जोडणीच्या, तारेतूनच आत शिरते. जास्त वेळ आयर्न (सोल्डरिंगची तापती कांडी) टेकली, की तारेभोवतीचे काचेसारखे प्लास्टिक आधी धुरकट होते, मग त्याला सुरकुती पडते आणि पाय आतल्या आत सैल होतो. कधी शॉर्ट होतो, कधी नुसती किंमत सरकते. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण यंत्र चालूच राहते आणि दोष सापडत नाही.

नवशिक्याची गफलत इथेच होते: जपायचे म्हणून तो आयर्न कमी तापवतो. मग सोल्डर पसरायला आठ-दहा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ तार उष्णता आत नेत राहते. ३३० ते ३५० अंशांची, स्वच्छ आणि कल्हई केलेली (सोल्डरचा पातळ थर दिलेली) बिट, म्हणजे आयर्नचे टोक, दोन सेकंदांत काम उरकते. पुण्याच्या पावसाळी दमटपणात पडून राहिलेले पाय काळवंडतात, त्यांवर सोल्डर धरत नाही. म्हणून ते आधी खरवडून, क्लिप लावूनच त्यांना झटपट कल्हई करून घ्यावी. ही क्लिप म्हणजे साधी क्रोकोडाइल क्लिप. सांधा आणि कॅपॅसिटर यांच्यामध्ये ती तारेला लावली, की बरीचशी उष्णता तीच शोषते. कॅपॅसिटर बोर्डापासून तीन-चार मिलिमीटर उचलून ठेवावा. एक पाय पूर्ण निवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

किंमतही निवल्यावरच मोजावी. पॉलिस्टायरीनची धारिता दर अंशामागे दशलक्षात सुमारे १२० भागांनी घटते, म्हणजे १००० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर ३० अंशांनी गरम असेल तर ३.६ पिकोफॅरड कमी दाखवतो. ही घट निवल्यावर भरून येते. प्लास्टिक आकसून झालेला बदल मात्र येत नाही.

सोल्डरमधल्या राळेचे डाग पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. अ‍ॅसिटोनने स्टायरोफ्लेक्स विरघळतो.