गाडी नव्वदलाच का थरथरते?

‘स्टीअरिंग थरथरतंय? अलाइनमेंट करून घे.’ हा सल्ला मला महिनाभरात तिघांनी दिला. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि बॅलन्सिंग (चाकाभोवतीचं वजन समतोल करणं) एकाच दुकानात, एकाच बिलावर होतं, म्हणून आपण दोन्ही एकच समजतो. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतो. पण साठला शांत असलेलं स्टीअरिंग नव्वदला थरथरत असेल, तर आधी संशय घ्यावा तो चाकाच्या असमतोलावर.

१५ इंची रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला सुमारे १५ फेरे घेतं आणि ते २० ग्रॅम तीन किलोच्या भाराहून जास्त जोराने चाकाला ओढतात, दर फेऱ्यात एकदा वर, एकदा खाली. पन्नासला हाच जोर चौथाईवर येतो.

मग एकशेवीसला थरथर पुष्कळदा कमी का होते? जोर तर वाढलेला असतो! हीच मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. चाक, ब्रेक, हब हे सगळं दोन स्प्रिंगांच्या मध्ये असतं: वर सस्पेन्शनची स्प्रिंग, खाली हवा भरलेला टायर. या जोडणीची स्वतःची नैसर्गिक कंप्रता असते, बहुतेक मोटारींत सेकंदाला १० ते १५ कंप. नव्वदला चाकाचे फेरे होतात सुमारे १३. दोन्ही लयी जुळल्या की अनुनाद होतो आणि बारीकसा धक्काही हातापर्यंत पोचतो. वेग वाढला की लय पुन्हा सुटते.

पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला काळ्या मातीचा चिखलही एवढा असमतोल सहज करतो. आधी तो धुवा. नायट्रोजन भरून थरथर जाते, हे मात्र खोटं. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि चाकाच्या वजनाशी त्याचा काही संबंध नाही.

डीलरकडे गेलात तर ‘गाडी हलते’ एवढंच सांगू नका. किती वेगाला, स्टीअरिंगमध्ये की सीटखाली, फक्त ब्रेक दाबल्यावर का, हे सांगा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मारा. ब्रेक दाबल्यावरच थरथर असेल तर दोष बहुधा ब्रेक डिस्कचा. स्टीअरिंग थरथरलं तर पुढची चाकं, सीट थरथरली तर मागची.

माझ्या गाडीचं बॅलन्सिंग मशीनवर शून्य दाखवत होतं, तरी थरथर होतीच. कारण ते मशीन चाक हवेत फिरवतं, रस्त्यावर मात्र चाकावर काहीशे किलोंचा भार असतो. टायरचा एखादा भाग जास्त ताठ असेल तर तो दर फेऱ्याला गाडीला वर ढकलतो. आम्ही पुढची चाकं मागे टाकली आणि थरथर स्टीअरिंगमधून सीटखाली गेली. मग डीलरने रोलर दाबून तपासणाऱ्या मशीनवर ती दोन्ही चाकं चढवली. एका टायरचा ताठ भाग सापडला, तो रिमच्या सर्वांत खोलगट जागेसमोर येईल असा टायर फिरवून बसवला, आणि नव्वदला गाडी शांत झाली.