न बोलू शकणाऱ्या पेशंटला रिजनल भूल

रिजनल भूल म्हणजे पेशंटला पूर्ण बेशुद्ध न करता ऑपरेशनचा भाग तेवढा बधिर करणं. कमरेतलं इंजेक्शन, म्हणजे स्पायनल, सगळ्यांच्या ऐकण्यातलं असतं. एखाद्या नसेजवळ (म्हणजे मज्जातंतूजवळ, रक्तवाहिनी नव्हे) औषध सोडलं की त्याला ब्लॉक म्हणतात. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बियर यांनी पहिल्यांदा स्पायनलखाली ऑपरेशन केलं तेव्हापासून हे काम बरंचसं पेशंटच्या बोलण्यावर चालत आलंय, "मुंग्या येतायत का", "गार लागतंय का", "पाय जड झाला का". पण डिमेंशिया (स्मृतिभ्रंश) झालेली, लकव्याने वाचा गेलेली किंवा जन्मापासून न बोलणारी व्यक्ती टेबलवर असेल तर यातलं काहीच विचारून कळत नाही.

नेहमीचा प्रसंग म्हणजे खुब्याचं हाड मोडलेली, डिमेंशिया असलेली म्हातारी बाई. स्पायनलसाठी तिला बसवायचं किंवा कुशीवर वळवायचं म्हटलं की तिला असह्य कळ येते, कशासाठी हलवतायत ते समजत नाही, ती चादर घट्ट धरून ठेवते आणि लोक म्हणतात आजी कोऑपरेट करत नाहीत. खरं तर तिला दुखत असतं, बाकी काही नाही! म्हणून आधी उताणं असतानाच जांघेत सोनोग्राफीने बघून फॅशिया इलियाका ब्लॉक (खुबा-मांडीच्या नसा बधिर करणारा) द्यावा, तो लागू पडायला वीसेक मिनिटं थांबावं, मगच हलवावं. (हा ब्लॉक १९८९ मध्ये आधी लहान मुलांसाठी मांडला गेला होता.)

धोका कुठे, तर सुई नसेला लागली तर एरवी पेशंट ओरडून सांगतो. औषध रक्तात गेलं तर जिभेला धातूची चव येते, कानात आवाज येतो, ते इथे कोण सांगणार, थेट फिट येते किंवा हृदयाचे ठोके बिघडतात. त्यामुळे डोस वजनावर मोजून थोडा थोडा द्यायचा, मॉनिटरवर नजर ठेवायची, रक्तात गेलेल्या औषधावर उतारा म्हणून २० टक्क्यांचं लिपिड (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) हाताशी हवंच. भूल लागली का हे पाऊल गरम होणं, पाय न हलणं, चिमटा घेतल्यावर चेहरा बदलतो का, यावरून ओळखतात.

पूर्ण भूलेपेक्षा हे नेहमीच चांगलं असं मात्र म्हणता येत नाही. खुब्याच्या फ्रॅक्चरच्या १६०० पेशंटवर झालेल्या २०२१ च्या रीगेन अभ्यासात ऑपरेशननंतरचा भ्रम आणि ६० दिवसांनी चालता येणं स्पायनल आणि पूर्ण भूल या दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं.

ऑपरेशननंतर श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होणं यावर पेनॅड स्केलने (डिमेंशियाच्या पेशंटचं दुखणं मोजायची पट्टी) ० ते १० मार्क देतात. दुखल्याची गोळी "मागितली तर द्या" असं लिहिलं तर ती कधीच मिळणार नाही, घड्याळ लावूनच द्यावी.