लॅमिनेटमुळे घरात विषारी गॅस पसरतो? थोडं नीट समजून घ्या

लॅमिनेट (फर्निचरच्या बोर्डावर चिकटवायचा सनमायकासारखा पातळ पत्रा) म्हणजे प्लास्टिक, त्यातून फॉर्मल्डिहाइड हा विषारी गॅस निघतो, हे कित्येक वर्षं फिरतंय आणि लोक घाबरून लॅमिनेटच टाळतात. पण खरा प्रश्न बहुतेक वेळा खालच्या बोर्डात असतो. लॅमिनेट म्हणजे मुख्यतः कागदच, आतले थर फिनॉलिक रेझिनमध्ये (रेझिन म्हणजे तापवल्यावर घट्ट होणारा चिकट पदार्थ) आणि वरचा डिझाइनचा कागद मेलामाइन रेझिनमध्ये भिजवून जबरदस्त दाबाखाली तापवतात, त्यात रेझिन जवळजवळ पूर्ण घट्ट होतं. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड), पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) आणि बऱ्याच प्लायवुडमध्ये मात्र युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, आणि तो उष्णता-दमटपणात जास्त गॅस सोडतो. फॉर्मल्डिहाइडमुळे कॅन्सर होतो हे २००४ पासून अधिकृतपणे मानलंय, त्यामुळे काळजी बरोबरच आहे, फक्त ती चुकीच्या जागी केली जाते.

उलट लॅमिनेट हा गॅस अडवतं! म्हणून कपाटाच्या आतल्या बाजू, मागची फळी, कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका प्लीज, बाजूंना लॅमिनेट लावा आणि कडांना एज बँडिंग (कडेवर पट्टी चिकटवणं) करून घ्या. बोर्ड ई१ (कमी फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या बोर्डाचा युरोपातला दर्जा) किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा आहे का ते विचारा, चिकटवायचा गोंदही कमी वासाचा बघा. रंग, टेक्स्चर मग मनासारखं निवडा, फक्त किचनमध्ये खूप खडबडीत नको, तेलकटपणा निघत नाही.