भांडवली नफा कर : भाड्याने दिलेले जुने घर

दीर्घकाळ मालकीचे असलेले व भाड्याने दिलेले निवासी घर विकल्यावर होणाऱ्या नफ्यावरील केंद्रीय कर. हा कर भारतात प्रथम १९४७ मध्ये आला व थोड्याच काळात उठला. त्याचा सलग इतिहास १९५६ पासून धरणे अधिक योग्य.

मालकी २४ महिन्यांहून अधिक असल्यास नफा दीर्घकालीन ठरतो. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दर १२.५ टक्के आहे. त्यात महागाई निर्देशांक (महागाईच्या प्रमाणात मूळ किंमत वाढवून धरण्याचा आकडा) धरला जात नाही. त्याआधी घेतलेल्या घरासाठी भारतात निवासी असलेली व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांना निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय खुला आहे.

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागांतील मराठी घराण्यांच्या वाड्यांबाबत दरापेक्षा मूळ किंमत हाच कळीचा प्रश्न असतो. वारसाहक्काने मिळाल्याच्या वेळी हा कर लागत नाही, पण पूर्वमालकाची किंमत व मालकीचा काळ वारसाकडे येतो. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या घराला त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घेण्याची रीत आहे. मात्र २०२० च्या दुरुस्तीनंतर, त्या तारखेचे मुद्रांक मूल्य (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेली किंमत, गुजरातेत जंत्री) उपलब्ध असल्यास बाजारभाव त्याहून जास्त धरता येत नाही. निर्देशांक वारसाला घर मिळाले त्या वर्षापासून लावावा की पूर्वमालकाच्या मालकीच्या वर्षापासून, हा वाद दीर्घ चालला. कलमाचा शब्दशः अर्थ पहिल्या पक्षाकडे झुकतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दुसरा पक्ष उचलून धरला आणि तोच कायद्याच्या हेतूशी सुसंगत दिसतो. २००१ मध्ये १० लाखांचे घर २०२५-२६ मध्ये ८० लाखांना विकल्यास (निर्देशांक १०० वरून ३७६) २० टक्क्यांनी ८.४८ लाख, तर १२.५ टक्क्यांनी ८.७५ लाख कर येतो, उपकर वेगळा. म्हणून दोन्ही हिशेब मांडून पाहणे अगत्याचे.

विक्रीची किंमत जंत्रीपेक्षा कमी असून जंत्री तिच्या ११० टक्क्यांवर गेल्यास जंत्रीच विक्रीमूल्य मानतात. एप्रिल २०२३ मध्ये जंत्रीचे दर वाढल्यापासून हे विशेष जाणवते. जुन्या भाडेकरूला घर रिकामे करण्यासाठी दिलेली रक्कम हस्तांतरणाचा खर्च म्हणून न्यायालयांनी मान्य केल्याची उदाहरणे आहेत. भाड्याच्या उत्पन्नातून घेतलेली ३० टक्के वजावट विक्रीच्या वेळी परत मोजत नाहीत.

नफा दुसऱ्या घरात गुंतवल्यास (खरेदी दोन वर्षांत, बांधकाम तीन वर्षांत) किंवा ५० लाखांपर्यंत विशिष्ट रोख्यांत सहा महिन्यांत घातल्यास सूट मिळते. सहमालकांचा नफा ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे स्वतंत्रपणे मोजला जातो.