ढोलीतली आई, कमळावरचा बाप

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक फॉरवर्ड फिरतो: धनेश पक्षी, आदर्श पती. यंदा तो बेळगावच्या मावशीने टाकला आणि खाली लिहिलं, "शिका की जरा!" मावशी, यात संस्कार कमी आणि जागेची टंचाई जास्त आहे.

धनेश आपल्या खानापूरच्या रानात, भीमगडाकडे दिसतो. चोच एवढी दांडगी, पण सुतारपक्ष्यासारखं लाकूड पोखरणं तिला जमत नाही. जुन्या, जाड झाडाची आयती ढोली लागते आणि अशा ढोल्या मोजक्याच. ढोली मिळाली की मादी अंडी घालायला आत शिरून दार लिंपून घेते. गिलावा मुख्यतः स्वतःच्या विष्ठेचा, त्यात फळांचा गर. वाळला की टणक होतो. उरते एक अरुंद फट, चोचीचं टोक मावेल एवढी. ही फट उभी असते, म्हणून आतली गरम हवा वरच्या बाजूने निघते, खालून गार हवा येते. साप, घोरपड बाहेरच. असा बंदोबस्त झाल्यावर मादी उडायची पिसं जवळजवळ एकदमच गाळून टाकते. बाहेर असती तर हे जिवावर बेतलं असतं. नर वडाची, उंबराची फळं गळ्यात भरून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून देतो. मादी शेपटी फटीकडे करून विष्ठा बाहेर उडवते. त्यामुळे ढोली शोधणाऱ्याने आधी झाडाखाली बघावं: बियांचा सडा, पावसानंतर रोपंसुद्धा.

या पक्ष्याला सांधेदुखीच्या तेलासाठी मारतात. त्या चरबीने गुडघा बरा होत नाही, आतल्यांचा घास मात्र तुटतो.

आता पावसाळ्यातल्या कमळाच्या तळ्यावर या. लांबशेपटी कमळपक्ष्याची मादी नराहून मोठी. तरंगत्या घरट्यात चार चकचकीत तपकिरी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. पुढचे सुमारे 26 दिवस अंडी उबवतो तो नरच. पाणी चढलं की अंडी जातात. मादी मोकळी असल्याने ती पुन्हा घालू शकते.

एकट्या बापावर हे निभतं ते पिल्लामुळे. धनेशाचं पिल्लू उघडंनागडं, डोळे मिटलेलं. त्याला भरवायला दोघंही लागतात. कमळपक्ष्याचं पिल्लू अंगावर लव घेऊनच येतं आणि थोड्याच वेळात लांबलचक बोटांवर भार पसरून पानांवरून चालतं, स्वतः टिपून खातं. बापाला फक्त राखण.

एवढं सगळं ग्रुपवर लिहिलं. मावशीचा रिप्लाय आला: "असू दे. पण ही कुठली भवानी रे?"