दोन दिवसांच्या कार्यशाळेने थेरपिस्ट होता येत नाही

फोंडा-म्हापशाकडच्या पालकसभांतून एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: मुलांची आवड असली आणि दोन दिवसांची कार्यशाळा केली, की मानसिक आघात सोसलेल्या मुलावर ‘प्ले थेरपी’, म्हणजे खेळातून उपचार, करता येते. हे खरं नाही, आणि यात नुकसान मुलाचं होतं.

बाक लाथाडणारा, हाक मारताच दचकणारा मुलगा घ्या. हौशी समुपदेशक पहिल्याच भेटीत म्हणतो, ‘काय झालं होतं, सगळं सांग बघू.’ कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंगर यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या आघातकेंद्री सीबीटी (विचार-वर्तनावर काम करणारा मानसोपचार) या पद्धतीत क्रम नेमका उलटा असतो. आधी श्वास शांत करणं, भावना ओळखणं, पालकांची तयारी. घडलेलं सांगणं त्यानंतर, थोडं थोडं करत. सत्रं साधारण १२ ते १६, आणि पालकांनाही बसावं लागतं. कुठे थांबायचं हे व्याख्यान ऐकून कळत नाही. अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करूनच ते अंगवळणी पडतं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला तर १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पालकांनी ती बेधडक विचारावी.

शिक्षकांनी कार्यशाळा जरूर कराव्यात. बिथरलेल्या मुलावर आवाज चढवू नये, त्याला चारचौघांत घेरू नये, एवढं शिकलं तरी खूप. उपचारांसाठी मात्र गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. अत्याचाराचा संशय असेल, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.